टॅबमध्ये सिम घातलं, तरी फोन का लागत नाही?

टॅब घेऊन दुकानातून घरी आलेल्या माणसाला हमखास पडणारा हा प्रश्न. सिम बसवलेलं असतं, नेटपॅक मारलेला असतो, मेल येतात, व्हिडिओ चालतात. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘यावरूनच लाव की फोन!’ आणि शोधाशोध सुरू होते. नंबर दाबायची जागाच सापडत नाही. शेवटी मुलगा येऊन सांगतो, ‘यात फोन नसतो.’ का नसतो, ते त्यालाही सांगता येत नाही. सिम आहे, रेंज आहे, माइक आहे, स्पीकर आहे; फोनला आणखी लागतं तरी काय?

त्याच जातीचा दुसरा प्रश्न प्रवासात पडतो. एकाच कंपनीचे दोन आयपॅड गाडीत आहेत, एक सिमवाला आणि एक नुसत्या वायफायचा. वायफायवाल्याला कुणीतरी मोबाइलचा हॉटस्पॉट दिलेला आहे. म्हणजे नेट दोघांनाही आहे. तरीही नकाशावरचा निळा ठिपका सिमवाल्यात गाडीबरोबर पळतो आणि दुसऱ्यात भलत्याच ठिकाणी रुसून बसतो.

या दोन्ही प्रश्नांचं मूळ २०१० सालात आहे. मोबाइलच्या जाळ्याला जोडलेले टॅब त्या वर्षी पहिल्यांदा मोठ्या संख्येनं लोकांच्या हातात पडले. तेव्हा कंपन्यांनी घेतलेले काही निर्णय आज आपल्याला निसर्गनियम वाटतात. त्यातला कोणता खरोखर तंत्राचा आणि कोणता धंद्याचा, हे ती जुनी यंत्रं उघडून पाहिली की बरंच स्पष्ट होतं.

एक वर्ष, दोन उत्तरं

ॲपलनं २७ जानेवारी २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत आयपॅड दाखवला. नुसत्या वायफायचा आयपॅड अमेरिकेत ३ एप्रिलला विक्रीला आला आणि थ्रीजीवाला त्यानंतर, ३० एप्रिलला. पडदा ९.७ इंचांचा, कॅमेरा एकही नाही. थ्रीजीवाल्याला १३० डॉलर जास्त मोजावे लागत आणि त्याचं वजनही ६८० ग्रॅमवरून ७३० वर जाई. सिम घालता येई, पण त्यावरून साधा फोन करता येत नसे.

सप्टेंबरमध्ये बर्लिनच्या ‘ईफा’ प्रदर्शनात सॅमसंगनं गॅलॅक्सी टॅब आणला. हा ७ इंची, वजन ३८० ग्रॅम, पुढेमागे दोन कॅमेरे, आणि आत फोनसाठीच लिहिलेली अँड्रॉइड २.२ ही प्रणाली. यात नंबर दाबायची पाटी होती, एसएमएस होते, फोन येई आणि करताही येई. गंमत एवढीच की कानाला लावायचा छोटा स्पीकर त्यात बसवलेलाच नव्हता. स्पीकरवर टाकून चारचौघांत बोलायचं, नाहीतर हेडफोन लावायचा. कानाशी सात इंची चौकोन धरून बोलणारा माणूस कसा दिसेल, याचा विचार कंपनीत कुणीतरी वेळेत केला असावा.

आता खरी गोष्ट. हाच गॅलॅक्सी टॅब युरोपात आणि भारतात फोन लावत होता. अमेरिकेतल्या चारही मोठ्या मोबाइल कंपन्यांनी तो विकला, तेव्हा मात्र त्याचं फोन लावणं बंद केलेलं होतं. एका देशात जमतं आणि दुसऱ्यात जमत नाही, तेव्हा दोष यंत्राच्या अंगात नसतो.

वऱ्हाडाची गाडी आणि एसटीचं पार्सल

सिममुळे टॅब टॉवरशी बोलतो हे आपल्याला ठाऊक असतं. पण थ्रीजीच्या काळात टॉवरकडे दोन वेगळ्या सेवा होत्या आणि त्या आत अगदी वेगळ्या वाटांनी जात.

पहिली बोलण्याची. लग्नाच्या वऱ्हाडासाठी आख्खी एसटी ठरवतात ना, तसा हा प्रकार. गाडी भरलेली असो, निम्मी रिकामी असो, किंवा वऱ्हाडी वाटेत चहाला उतरलेले असोत, ती गाडी तेवढा वेळ तुमचीच. फोन लावला की इकडच्या टॉवरपासून पलीकडच्या फोनपर्यंत एक वाट तुमच्यासाठी राखून ठेवली जाते. बोलणं थांबलं, दोघंही गप्प झाले, तरी वाट राखलेलीच असते. म्हणून आवाज न अडखळता पोचतो आणि म्हणूनच बिल मिनिटांवर येई.

दुसरी सेवा डेटाची. इथे कुणी गाडी ठरवत नाही. सामानाच्या लहान लहान पेट्या करायच्या, प्रत्येकीवर पत्ता लिहायचा आणि जी एसटी निघेल तिच्या टपावर टाकून द्यायची. एक पेटी आधी पोचेल, एक मागाहून येईल, एखादी हरवली तर पुन्हा पाठवायची. पलीकडे सगळ्या जुळवल्या की झालं काम. मेल दोन सेकंद उशिरा आली तर बिघडत नाही. इथे बिल पेट्यांच्या वजनावर, म्हणजे एमबीवर.

थ्रीजी आयपॅडला फक्त पार्सलची खिडकी उघडी होती. फोन लागायचा तर तीन ठिकाणी सोय हवी. यंत्रात माइक आणि स्पीकरपासून मोबाइलच्या चिपपर्यंत आवाजाची जोडणी हवी. प्रणालीत नंबर दाबण्याचं, आलेला फोन वाजवण्याचं ॲप हवं. आणि मोबाइल कंपनीच्या दफ्तरात तुमच्या नंबरापुढे ‘बोलण्याची सेवा चालू’ अशी नोंद हवी. हे दफ्तर म्हणजे एक मोठी संगणकीय वही. कोणत्या सिमला कोणत्या सेवा द्यायच्या, हे टॉवर दरवेळी तिथूनच पाहतो. नुसत्या डेटाच्या सिमपुढे बोलण्याची नोंदच नसेल, तर ते सिम चांगल्या फोनमध्ये घातलं तरी फोन लागणार नाही.

आयपॅडमधली थ्रीजीची चिप आयफोनच्याच घराण्यातली होती. म्हणजे बोलण्याची वाट तिला नवीन नव्हती. ॲपलनं ती वाट वापरायचीच नाही असं ठरवलं. फोन विकायला आयफोन होताच, आणि मोबाइल कंपन्यांनाही एका गिऱ्हाइकाकडून दोन बिलं घेण्यात काही वावगं वाटत नव्हतं. हा माझा तर्क आहे, कुणा कंपनीचा कबुलीजबाब नव्हे. पण अमेरिकेतल्या गॅलॅक्सी टॅबचं जे झालं, ते पाहता दुसरं कारण सुचत नाही.

पाठीवरची काळी पट्टी

पहिला आयपॅड उलटा करून पाहिला तर सिमवाला कोणता ते लगेच ओळखू येतं. सगळी पाठ ॲल्युमिनियमची, आणि सिमवाल्याच्या वरच्या कडेला प्लास्टिकची एक काळी पट्टी. अनेकांना ती शोभेची वाटली, काहींना शोभा घालवणारी. ती नसती तर टॅबला रेंजच आली नसती.

रेडिओलहरी धातूतून आरपार जात नाहीत. लिफ्टचं दार बंद झालं की फोन तुटतो तो याचमुळे. धातूच्या डब्यात अँटेना ठेवून बाहेरच्या टॉवरशी बोलता येत नाही, त्यामुळे डब्याला कुठेतरी खिडकी ठेवावी लागते. वायफायला लहान खिडकी पुरते, मोबाइलला मोठी लागते, आणि त्याचं गणित सोपं आहे. साधी अँटेना लहरीच्या लांबीच्या साधारण पाव हिश्शाएवढी असली की चांगली चालते. वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटर लांब, तिचा पाव हिस्सा तीन सेंटिमीटरच्या आसपास. थ्रीजीची २१०० मेगाहर्ट्झची लहर चौदा सेंटिमीटरच्या वर, तिला साडेतीन लागतात. पण जुन्या जीएसएमची ९०० मेगाहर्ट्झची लहर ३३ सेंटिमीटर लांब! तिचा पाव हिस्सा आठ सेंटिमीटर भरतो. अभियंते अँटेना वळवून, दुमडून जागा वाचवतात, तरी अंगठ्याएवढ्या भोकात हे सगळं मावत नाही.

त्यात एक अँटेना पुरत नाही. मोबाइलच्या जाळ्याची वेगळी, जीपीएसची वेगळी, वायफाय आणि ब्लूटूथची आणखी वेगळी, आणि या सगळ्यांनी एकमेकींच्या कामात लुडबूड करायची नाही. गॅलॅक्सी टॅबची पाठ प्लास्टिकची असल्यामुळे त्याला असली वेगळी पट्टी लागली नाही. प्लास्टिक हातात स्वस्त वाटतं म्हणून लोक नाकं मुरडत. रेडिओच्या दृष्टीनं मात्र तीच शहाणी निवड होती.

वर ‘ई’ दिसतोय की ‘एच’?

त्या काळात टॅब हातात घेतला की नजर आधी वरच्या कोपऱ्यात जाई. तिथलं इंग्रजी अक्षर पुढच्या दहा मिनिटांचं भविष्य सांगे. ‘ई’ म्हणजे एज, टूजीवरचाच जरा वेगवान डेटा. ‘थ्रीजी’ किंवा ‘एच’ म्हणजे चंगळ. कागदावर दोन्ही टॅबना सेकंदाला ७.२ मेगाबिटपर्यंत डेटा उतरवता येत होता. तो आकडा प्रयोगशाळेचा. हिशेबासाठी थ्रीजीवर दीड मेगाबिट आणि एजवर दीडशे किलोबिट धरू. एक एमबीचं पान म्हणजे आठ मेगाबिट. थ्रीजीवर ते पाच-सहा सेकंदांत उघडेल. एजवर जवळजवळ एक मिनिट.

लहान पडद्याच्या फोनवर हे मिनिट चालून जाई, कारण फोनसाठी संकेतस्थळांची हलकी पानं वेगळी असत. टॅबचा पडदा मोठा, म्हणून तो संगणकाचं पूर्ण पान मागवी, चित्रांसकट. म्हणजे पडदा वाढला की डेटाची भूकही वाढली. टॅबला थ्रीजी हवंच होतं ते यासाठी.

आणि आपल्याकडे थ्रीजी नुकतं उगवत होतं. एमटीएनएलनं ते दिल्लीत डिसेंबर २००८ मध्ये सुरू केलं होतं, बीएसएनएलनं २००९ मध्ये. खासगी कंपन्यांसाठी लिलाव झाला २०१० च्या एप्रिल-मे महिन्यांत आणि त्यांची सेवा नोव्हेंबर २०१० पासून एकेका शहरात येऊ लागली. लिलाव सर्कलवार होता. मुंबई हे एक सर्कल, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं, आणि दोन्हीकडच्या विजेत्या कंपन्या सारख्या नव्हत्या. जिथे आपला परवाना नाही तिथे दुसऱ्याच्या जाळ्यावर गिऱ्हाइकाला थ्रीजी देण्याचे करार कंपन्यांनी आपापसांत केले, सरकारनं त्याला हरकत घेतली आणि प्रकरण न्यायाधिकरणापर्यंत गेलं. खंडाळ्याचा घाट चढताना अक्षर बदललं, तर त्यामागे डोंगर असेल किंवा परवान्याची हद्दही असेल.

घरातही फरक पडे. थ्रीजीची २१०० मेगाहर्ट्झची लहर जाड भिंतींपुढे ९०० पेक्षा लवकर थकते. त्यामुळे गॅलरीत ‘एच’ आणि माजघरात ‘ई’ हा अनुभव सर्रास होता.

टूजीची आणखी एक ओळखीची खूण म्हणजे स्पीकरमधली ती घरघर. टॅब किंवा मोबाइल टेपरेकॉर्डरजवळ ठेवला की फोन येण्याआधी ‘टिक टिक टर्रर्र’ ऐकू येई. जीएसएममध्ये एकाच लहरीवर आठ जणांना पाळी वाटून दिलेली असते. आपली पाळी आली की यंत्र जोरात बोलतं आणि लगेच गप्प बसतं, असं सेकंदाला सुमारे २१७ वेळा. हे धक्के जवळच्या स्पीकरच्या वायरीत उमटतात आणि २१७ चा आकडा आपल्या कानाला ऐकू येण्याजोगा असल्यानं घरघर होऊन बाहेर पडतात. थ्रीजीत यंत्र पाळी न लावता सलग बोलतं, म्हणून ही घरघर नाही. वर न बघताही थ्रीजी गेल्याचं कानाला कळे.

नखाएवढं सिम

आयपॅडनं एक नवी डोकेदुखी आणली. तोवरचं सिम २५ बाय १५ मिलिमीटरचं होतं. आयपॅडला १५ बाय १२ चं मायक्रो सिम लागे. गंमत म्हणजे मधली सोनेरी चकती, जिथे खरी चिप असते, ती दोन्हीत तीच. कमी झालं होतं ते नुसतं भोवतीचं प्लास्टिक. हे लक्षात येताच मोबाइलच्या दुकानांत सिम कटर आले. स्टेपलरसारखं दिसणारं ते यंत्र, आत सिम सरकवायचं, खटकन दाबायचं, कडा घासून गुळगुळीत करायची. गॅलॅक्सी टॅबला जुनं, मोठं सिमच चाले.

आयपॅड २८ जानेवारी २०११ रोजी भारतात आला. १६ जीबीचा वायफायवाला २७,९०० रुपयांना, थ्रीजीवाला ३४,९०० ला. इथल्या प्रीपेड गिऱ्हाइकाची खरी पंचाईत मग सुरू झाली. शिल्लक बघायची तर स्टार-हॅशचा नंबर दाबावा लागे, आणि आयपॅडमध्ये नंबर दाबायची जागाच नाही. नेटपॅक संपत आल्याचा एसएमएस कंपनी पाठवते, पण तो वाचायचं ॲप नाही. म्हणजे पॅक संपल्याचं कळे ते पान उघडेनासं झाल्यावर. सिम काढून जुन्या फोनमध्ये घालावं, तर ते कापलेलं! मग त्यासाठी प्लास्टिकची चौकट वेगळी मिळे.

शिवाय ‘एपीएन’ नावाचं प्रकरण होतं. मोबाइलच्या जाळ्यातून बाहेर इंटरनेटवर जायचं दार असतं, त्या दाराचं नाव म्हणजे एपीएन. प्रत्येक कंपनीचं ते वेगळं. फोनमध्ये ते एसएमएसनं आपोआप भरलं जाई. आयपॅडच्या सेटिंगमध्ये बरेचदा ते हातानं टाइप करावं लागे. एक टिंब चुकलं की वर रेंजच्या पाचही दांड्या दिसत आणि नेट मात्र बंद.

अमेरिकेत ही वाट फार सुटसुटीत केलेली होती. एटी अँड टी या कंपनीनं आयपॅडसाठी दोन योजना ठेवल्या: १४.९९ डॉलरला २५० एमबी आणि २९.९९ डॉलरला अमर्याद. कसला करार नाही. टॅबच्या पडद्यावरच नाव, ईमेल आणि कार्डाचा नंबर भरायचा, आणि नको तो महिना बंद ठेवायचा. मोबाइल कंपनीच्या दुकानाची पायरी न चढता जोडणी मिळणं तेव्हा नवलाईचं होतं. अमर्याद योजना मात्र जूनच्या पहिल्या आठवड्यातच नव्या गिऱ्हाइकांसाठी बंद झाली आणि २५ डॉलरला २ जीबी असं गणित आलं.

त्याच जूनमध्ये या सुटसुटीतपणाची किंमतही दिसली. प्रत्येक सिमवर एक लांबलचक अनुक्रमांक असतो. आयपॅडनं हा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळाला कळवला, की संकेतस्थळ लॉगिनच्या रकान्यात त्या गिऱ्हाइकाचा ईमेल स्वतःहून भरून दाखवी. टाइप करायचा त्रास वाचावा, एवढाच हेतू. पण तो क्रमांक खरोखर आयपॅडनंच पाठवलाय का, हे संकेतस्थळ तपासत नव्हतं. काही हॅकरांनी अंदाजानं क्रमांक पाठवत राहणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि सुमारे १,१४,००० गिऱ्हाइकांचे ईमेल गोळा केले. त्यात बडी मंडळीही होती. एफबीआयनं चौकशी केली, खटलाही चालला. सिमचा क्रमांक ओळख पटवायला चालतो, पण तो गुपित नाही, हा धडा तिथे महागात शिकला गेला.

निळा ठिपका कुठून येतो

आता गाडीतल्या ठिपक्याकडे वळू. पहिल्या आयपॅडमध्ये जीपीएस फक्त थ्रीजीवाल्यात होतं, आणि ॲपलनं ही रीत अजून सोडलेली नाही. वायफायवाला आयपॅड आपली जागा वेगळ्या युक्तीनं शोधतो. आसपास कोणकोणती वायफाय यंत्रं दिसतात, त्यांची यादी तो इंटरनेटवरच्या एका मोठ्या नोंदवहीशी ताडतो. शहरात दर इमारतीत दहा वायफाय, त्यामुळे अंदाज छान लागतो. माळशेज घाटात कुणाचं वायफाय असणार? आणि गाडीतला हॉटस्पॉट तुमच्याबरोबरच फिरतोय, तो काय सांगणार?

जीपीएसवाला मात्र थेट आकाशाकडे बघतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत आपली वेळ आणि आपला मार्ग सांगत असतात. चार उपग्रहांकडून संदेश यायला किती वेळ लागला, यावरून जागा काढता येते. अडचण वेगाची आहे. हे उपग्रह सेकंदाला फक्त ५० बिट बोलतात. एका उपग्रहाचा नेमका मार्ग कळायला सलग अर्धा मिनिट स्वच्छ ऐकू यावं लागतं, आणि सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक उतरवायला साडेबारा मिनिटं! मध्ये पूल आला, झाड आलं, की पुन्हा पहिल्यापासून.

इथे टॉवर मदतीला येतो. टॉवर कुठे उभा आहे हे जाळ्याला माहीत असतं, त्यामुळे तुम्ही साधारण कुठे आहात तेही कळतं. त्या भागावर आत्ता कोणते उपग्रह आहेत आणि त्यांचे मार्ग काय, ही माहिती डेटावरून क्षणात टॅबला मिळते. मग आकाशातून फक्त वेळेची खूण टिपायची उरते. यालाच साहाय्यित जीपीएस म्हणतात. जागा काढण्याचं काम उपग्रहांचंच. टॉवर फक्त सुरुवातीचा वेळ वाचवतो, म्हणून रेंज गेली तरी ठिपका चालत राहतो, फक्त मागचा नकाशा करडा होतो.

जीपीएसची चिप सिमशिवाय बसवता येत नाही, असं मुळीच नाही. नुसत्या वायफायचे पण जीपीएस असलेले टॅब इतर कंपन्यांनी विकले आहेत. हाही पुन्हा निर्णयाचा भाग.

चौकट: २०१० ची दोन यंत्रं

आयपॅड थ्रीजी: पडदा ९.७ इंच, १०२४ × ७६८ ठिपके. रॅम २५६ एमबी. साठवण १६, ३२ किंवा ६४ जीबी. बॅटरी २५ वॉट-तास. वजन ७३० ग्रॅम. मायक्रो सिम. कॅमेरा नाही, फोन नाही.

गॅलॅक्सी टॅब: पडदा ७ इंच, १०२४ × ६०० ठिपके. रॅम ५१२ एमबी. साठवण १६ किंवा ३२ जीबी, शिवाय मेमरी कार्ड. बॅटरी ४००० एमएएच, म्हणजे जवळपास १५ वॉट-तास. वजन ३८० ग्रॅम. साधं सिम. मागचा कॅमेरा ३ मेगापिक्सेलचा, पुढचा १.३ चा. फोन आहे, पण देश पाहून.

दोन्हीत प्रोसेसर १ गिगाहर्ट्झचा आणि चार्जिंगची वायर ज्याची त्याची वेगळी.

बॅटरी कुठे जाते

ॲपलचा दावा होता, वायफायवर दहा तास, थ्रीजीवर नऊ. तासाभराचाच फरक? सलग वापराचा हा आकडा खरा मानला तरी थ्रीजीची खोड त्यात दिसत नाही. ती दिसते तुटक वापरात.

टॅबला डेटा हवा झाला की टॉवर त्याला जलद वाट देतो. ती बांधायला एखाद-दुसरा सेकंद जातो. काम संपलं तरी ती वाट लगेच मोडत नाहीत, कारण तुम्ही पुढच्याच क्षणी दुसरी लिंक दाबाल, अशी शक्यता असते. म्हणून काही सेकंद रेडिओ पूर्ण जोरात जागाच राहतो, मग अर्धवट झोपतो, मग पूर्ण झोपतो. समजा, मेल तपासायला अर्धा सेकंद लागला. त्यासाठी रेडिओ दहा-पंधरा सेकंद जागला. दर पाच मिनिटांनी मेल, त्याच्या जोडीला हवामान, त्याच्या जोडीला शेअरबाजार, असं प्रत्येक ॲप आपापल्या वेळी दार ठोठावू लागलं, की टॅब टेबलावर पडून पडून रिकामा होतो. मोठी फाइल एकदम उतरवणं बॅटरीला परवडतं, चिमूटचिमूट मागणं परवडत नाही.

चार्जिंगचाही एक किस्सा. आयपॅड संगणकाला जोडला की वर ‘चार्ज होत नाही’ अशी पाटी येई आणि लोक वायर बदलत बसत. वायर बरी असे. २५ वॉट-तासांची बॅटरी दहा तास पुरते, म्हणजे पडदा चालू असताना टॅब साधारण अडीच वॉट खातो. संगणकाचा साधा यूएसबी देतो ५ व्होल्ट आणि अर्धा ॲम्पिअर, म्हणजे अडीच वॉटच. जेवढी आवक तेवढीच जावक! पडदा बंद केला की तोच आयपॅड हळूहळू का होईना, भरू लागे. सोबत मिळणारा चार्जर दहा वॉटचा होता तो यामुळे. भिंतीवरचा तो चौकोनी ठोकळा घरी विसरून गावाला गेलेल्यांना हे गणित चांगलं समजलं.

सात इंच आणि देवनागरी

गॅलॅक्सी टॅबचा पडदा आयपॅडच्या निम्म्याहून लहान. ऑक्टोबर २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी सात इंची टॅबची जाहीर टर उडवली. त्याबरोबर बोटं तासायला सँडपेपरही द्यावा लागेल, असं त्यांचं म्हणणं. दोन वर्षांनी ॲपलनंच ७.९ इंचांचा आयपॅड मिनी काढला.

मला सात इंचांची बाजू बरीच पटते. एका हातात मावतो, कोटाच्या खिशात जातो, लोकलमध्ये उभ्यानं वाचता येतो. सिमवाला टॅब बाहेर नेण्यासाठीच असेल, तर ७३० ग्रॅमचं धूड नेण्यात अर्थ काय? गॅलॅक्सी टॅबची दुखरी बाजू वेगळी होती. अँड्रॉइड २.२ फोनसाठी घडवलेली होती, टॅबसाठी नाही, हे खुद्द गूगलच्या माणसांनी सांगितलं होतं. त्यामुळे कितीतरी ॲप नुसती ताणून मोठी केल्यासारखी दिसत. भारतात किंमत अडतीस हजारांच्या आसपास. एवढे पैसे मोजून फुगवलेला फोन का घ्यावा, हा प्रश्न रास्तच होता.

मराठी वाचकाला आणखी एक खड्डा लागे. मूळ अँड्रॉइड २.२ मध्ये देवनागरीचा फाँटच नव्हता. मराठी बातमी उघडली की ओळीच्या ओळी चौकोन. नुसता फाँट घालूनही भागत नसे. ऱ्हस्व इकार टाइप होतो अक्षरानंतर, पण दिसायला हवा अक्षराआधी. ‘क्’ आणि ‘ष’ जवळ आले की त्यांचा ‘क्ष’ व्हायला हवा. ही जुळवाजुळव करणारा भाग प्रणालीत असावा लागतो, आणि तो पुढच्या आवृत्त्यांत आला.

तोवर जाणकारांनी ऑपेरा मिनीची एक युक्ती गावभर केली. पत्त्याच्या पट्टीत एक विशिष्ट शब्द टाकायचा, गुप्त सेटिंगचं पान उघडायचं, आणि अवघड लिप्या चित्ररूपात दाखवायचा पर्याय ‘होय’ करायचा. ऑपेरा मिनी पान आधी आपल्या सर्व्हरवर मागवून, आवळून मग पाठवत असे. हा पर्याय निवडला की मराठी अक्षरांची चित्रं तो सर्व्हरच तयार करून देई. टॅबला देवनागरी येत नसली तरी चालत होतं, त्याला फक्त चित्र दाखवायचं होतं. डेटा थोडा जास्त जाई, आणि शब्द निवडून कॉपी करता येत नसे. पण चौकोनांच्या जागी मराठी दिसू लागे.

पुढे काय झालं

गॅलॅक्सी टॅबमधल्या त्याच अँड्रॉइड २.२ नं सिमवाल्या टॅबला एक प्रतिस्पर्धी दिला. फोनचं नेट वायफायनं इतरांना वाटायची, म्हणजे हॉटस्पॉटची सोय त्या आवृत्तीत आली. मार्च २०११ मध्ये आयफोनलाही ती मिळाली. खिशातला फोन नेट देत असेल तर टॅबसाठी दुसरं सिम, दुसरा पॅक कशाला? वायफायवाला टॅब घेऊन लोक मोकळे झाले.

बोलणं आणि डेटा यांतली भिंतही पडली. फोरजीत वऱ्हाडाची राखीव गाडीच उरली नाही. आवाजाच्याही पेट्याच होतात, फक्त त्यांना आधी सोडण्याची हमी असते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओनं सुरू केलेलं जाळं तर पहिल्यापासून असंच. म्हणजे टॅबवरून फोन न लागण्याचं तांत्रिक कारण, जेवढं काही होतं, तेही संपलं. तरी सिमवाल्या आयपॅडवरून आजही साधा फोन लागत नाही, आणि सॅमसंगचे भारतात मिळणारे कितीतरी सिमवाले टॅब खुशाल फोन लावतात.

तेव्हा दुकानात गेलात तर ‘यात सिम बसतं का’ एवढंच विचारून थांबू नका. व्हॉइस कॉलिंग आहे का ते वेगळं विचारा, आणि विक्रेता ‘आहे ना’ म्हणाला तर आपलं सिम घालून एक फोन तिथेच लावून बघा. वायफायवालाच घ्यायचा असेल आणि गाडीत नकाशा लागणार असेल, तर खोक्यावर जीपीएस लिहिलंय का ते पाहा. आयपॅड असेल तर ते सिमवाल्याच्याच खोक्यावर सापडेल.